पालावरचा आवाज, मंचावरचा ठेका

१ जून १९८२ रोजी ग्लासगो शहरातील बेलाह्यूस्टन उद्यानात पोप जॉन पॉल दुसरे यांनी पवित्र मिस्सा अर्पण केली, तेव्हा सुमारे तीन लाख भाविक तेथे लोटले होते. त्या अफाट समुदायासमोर शीला स्ट्युअर्ट ही ब्लेअरगाउरी गावची गायिका उभी राहिली आणि तिने एक गाणे म्हटले. शीला ही स्कॉटलंडमधील भटक्या समाजाची कन्या. पिढ्यान्‌पिढ्या पालात राहणारा, भांड्यांची डागडुजी करणारा, फळे आणि बटाटे काढण्याच्या हंगामात शेतोशेती फिरणारा हा समाज. ‘टिंकर’ म्हणजे कल्हईवाला, हे त्याचे व्यवसायनाम त्या देशात शिवी म्हणूनच उच्चारले जाई.

तिने गायिलेले गीत यूअन मॅकॉल यांनी १९६४ साली बीबीसीच्या एका नभोवाणी कार्यक्रमासाठी रचले होते. रस्त्याच्या कडेला, कुंपणाआड, भर थंडीत मूल जन्माला येते आणि बाळंतिणीला उसंत मिळण्यापूर्वीच पाल उठवण्याचा हुकूम होतो, हा त्या गीताचा विषय. कवीने बेथलेहेमचा तारा व पूर्वेकडील ज्ञानी पुरुष यांनाही गीतात आणले आहे. मात्र हे ज्ञानी पुरुष भेटवस्तू घेऊन येत नाहीत, हुसकावण्याचा हुकूम घेऊन येतात. मॅकॉल हे कम्युनिस्ट विचारांचे होते. नाताळच्या कथेचा इतका नेमका अर्थ त्यांच्या लेखणीतून उतरावा आणि कल्हईवाल्यांच्या समाजातील एका स्त्रीने तो पोपमहोदयांच्या कानी घालावा, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

हेच गीत शीला स्ट्युअर्ट यांच्याच आवाजात आम्ही पहिल्यांदा ऐकले, ते मात्र अगदी वेगळ्या वेषात. नोकरीनिमित्त ग्लासगोत राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मार्टिन बेनेट यांची ‘ग्रिट’ ही २००३ सालची ध्वनिमुद्रिका आम्हांस भेट दिली. “फादर, जरा सांभाळून ऐका,” एवढेच तो म्हणाला. त्याचा इशारा योग्य होता. पहिल्याच रचनेत तो पालावरचा करारी आवाज रात्रीच्या नृत्यगृहात शोभेल अशा यांत्रिक ठेक्यावर स्वार होऊन आला आणि हुसकावण्याची ती आज्ञा हातोड्यासारखी पुनःपुन्हा आदळू लागली. आम्ही यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. तेव्हापासून ती ध्वनिमुद्रिका आमच्या टेबलावरून हललेली नाही. आजच्या स्कॉटिश लोकसंगीताविषयी आमचे जे काही बरेवाईट मत बनले आहे, ते या एका कृतीपाशी बसूनच बनले. तेव्हा लेखाचा रोखही तिच्यावरच ठेवतो.

मार्टिन बेनेट यांचा जन्म १९७१ सालचा, कॅनडातील न्यूफाउंडलंडचा. त्यांची आई मार्गारेट बेनेट या लोकविद्येच्या अभ्यासक आणि स्वतः गायिका. मुलगा लहानपणीच स्कॉटलंडमध्ये आला, बॅगपाइप शिकला, पुढे ग्लासगोच्या संगीत अकादमीत पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने व्हायोलिनचे शिक्षण घेतले. बॅगपाइप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रजासत्ताकदिनाचे संचलन आणि लष्करी बँड उभा राहतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पथकातही हे वाद्य आहेच. परंतु ज्या घरात मार्टिन वाढले, तेथे हे वाद्य शिस्तीचे नव्हते, नाचाचे आणि आठवणींचे होते. १९९०च्या दशकात त्यांनी पाइप आणि व्हायोलिन यांना संगणकावरील तालांची जोड देऊन तरुणांना वेड लावले. मग २००० साली कर्करोगाचे निदान झाले. उपचारांनी शरीर इतके खचले की वाजवणेच अशक्य झाले, आणि एका असह्य क्षणी त्यांनी स्वतःची वाद्ये आपल्याच हातांनी मोडून टाकली. ‘ग्रिट’ ही त्यानंतरची निर्मिती. हात थांबले म्हणून त्यांनी दुसऱ्यांचे कंठ घेतले. भटक्या समाजातील आणि गॅलिक भाषक बेटांवरील गायकगायिकांची जुनी ध्वनिमुद्रणे समोर ठेवून त्यांनी त्यांच्याभोवती तंतुवाद्ये, पाइप आणि ठेके रचले. ३० जानेवारी २००५ रोजी, चौतिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

पहिला आक्षेप कोणाच्याही मनात येईल तो असा की, मृतांचे किंवा वृद्धांचे आवाज कापून त्यांचे नृत्यसंगीत करणे हा सन्मान की लूट? आक्षेप गंभीर आहे, कारण स्कॉटलंडच्या बेटांना लुटीचा अनुभव नवा नाही. एरिस्के बेटावरील धर्मगुरू ॲलन मॅकडोनल्ड (१८५९–१९०५) यांनी आपल्या लोकांमध्ये फिरून गीते, कथा, समजुती वह्यांमध्ये टिपून ठेवल्या. १८९३ साली त्यांनी गॅलिक भक्तिगीतांचा संग्रहही प्रसिद्ध केला. त्यांच्या वह्यांतील सामग्री एका विदुषीने स्वतःच्या नावावर खपवली, हे जॉन लॉर्न कॅम्पबेल आणि ट्रेव्हर हॉल यांनी १९६८ साली पुराव्यानिशी उघड केले. त्या विदुषीचे नाव एडा गुडरिच फ्रीअर. दुसरा प्रकार अधिक सभ्य होता. मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी १९०९ पासून हेब्रिडीज बेटांची गीते पियानोच्या साथीने दिवाणखान्यात आणली. त्यांचा हेतू चांगला होता. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातील गाणे मखमली पडद्याआड गेले की ते गाणे तेच राहत नाही. अमेरिकेहून शिकायला आलेल्या मार्गारेट फे शॉ या मुलीने शाळेत त्यांचा कार्यक्रम ऐकला आणि तिला उलट प्रश्न पडला: याच्यामागे खरे गाणे कसे असेल? त्या प्रश्नाच्या मागे लागून १९२९ साली ती साउथ यूइस्ट बेटावर दोन मॅकरे भगिनींच्या घरी जाऊन राहिली, ती सहा वर्षे. त्यांच्याबरोबर तिने गाई पाहिल्या, पीट या कोरड्या दलदलीच्या मातीचे इंधन वाहिले आणि गाणी उतरवून घेतली. तिचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला.

या दोन वृत्तींच्या मापाने मोजले असता बेनेट कोठे बसतात? ठेका ऐकून कोणीही म्हणेल, केनेडी-फ्रेझर यांच्या पंक्तीत. त्यांनी पियानो लावला, यांनी संगणक लावला. आमचे मत तसे नाही. केनेडी-फ्रेझर यांनी गायिकेला बाजूला सारून तिचे गाणे घेतले. बेनेट यांनी गायिकेलाच मध्यभागी बसवले. तिचा श्वास, खरखर, एखाद्या अक्षरावरचा तिचा हट्ट, काहीच घासून गुळगुळीत केलेले नाही. आणि प्रत्येकाचे नाव ध्वनिमुद्रिकेसोबतच्या पुस्तिकेत दिले आहे.

लिझी हिगिन्स (१९२९–१९९३) यांचा आवाज असलेली ‘ब्लॅकबर्ड’ ही रचना याचे उत्तम उदाहरण आहे. लिझी या थोर गायिका जीनी रॉबर्टसन यांच्या कन्या. एडिंबरो विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’तर्फे हिंडणारे कवी हॅमिश हेंडरसन यांना या जीनीबाई १९५३ साली ॲबरडीनमध्ये भेटल्या आणि स्कॉटलंडला आपल्या कथागीतांची खरी गायकी पुन्हा सापडली. परंतु लिझीने आईची नक्कल केली नाही. तिचे वडील डोनल्ड हिगिन्स पाइपवादक होते, आणि तिच्या गळ्यातील हरकती व मुरक्या पाइपच्या बोटांवरून आलेल्या आहेत. आपल्याकडे वाद्याने गळ्याचे अनुकरण करावे अशी परंपरा; येथे गळा वाद्याकडून शिकला. बेनेट यांना हे मर्म उमगले होते. ते तिच्या स्वरावर घाईने ठेका लादत नाहीत. आधी तिला गाऊ देतात, मग तंतुवाद्ये हळूहळू तिच्या भोवती गोळा होतात, जणू शेजारीपाजारी ऐकायला आले आहेत. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत आम्हांस सर्वांत अधिक आवडते ती ही रचना.

‘लिबरेशन’विषयी लिहिताना मात्र आमची लेखणी अडखळते. ही रचना ११८ व्या स्तोत्रावर आधारलेली आहे, तेच स्तोत्र जे आपण पुनरुत्थानाच्या रविवारी प्रतिसाद-स्तोत्र म्हणून गातो. त्यात लुईस बेटावरील प्रॉटेस्टंट परंपरेचे गॅलिक स्तोत्रगायन आहे आणि डंडी शहराचे गायक-कवी मायकल मारा यांचे इंग्रजी पठण आहे. हे स्तोत्रगायन ज्यांनी ऐकलेले नाही त्यांना त्याची कल्पना देणे कठीण. वाद्य नाही, स्वरलिपीतील चार भाग नाहीत. अग्रगायक एक ओळ उच्चारतो आणि मंडळी तीच ओळ उचलते. पण प्रत्येकजण आपापल्या गतीने, आपापल्या आलापाने. शंभर माणसे एकच चाल शंभर वाटांनी चालतात आणि तरी एकत्र पोहोचतात. भरतीची लाट खडकांवर फुटावी तसा तो नाद असतो. २००३ साली लुईसमधील बॅक या गावच्या चर्चमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे. ते मिळाल्यास आमच्या गायनमंडळींनी अवश्य ऐकावे, विशेषतः ज्यांना इलेक्ट्रॉनिक ऑर्गनशिवाय उपासना सुचत नाही त्यांनी.

अशा पवित्र गायनाखाली नृत्यगृहाचा ढोल? प्रथम श्रवणी आम्हांस ते अप्रशस्त वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या देशाचा इतिहास ध्यानी घेता प्रश्न उलटा उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील धर्मजागृतीच्या लाटेत काही बेटांवर सत्प्रवृत्त उपदेशकांनी लोकांना पाइप आणि फिडल मोडून जाळायला लावले, असे एका वृद्ध स्त्रीचे बोल अलेक्झांडर कारमायकल यांनी १९०० साली आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहेत. कॅथलिक बेटे त्या लाटेबाहेर राहिली. पण म्हणून आपण पाठ थोपटून घेऊ नये. भक्तीच्या नावाखाली गावचे गाणे गप्प करणारे आपल्यातही झाले आहेत. स्तोत्र आणि नाच यांच्यात जी भिंत उभी केली गेली, ती बेनेट यांनी या रचनेत पाडली. आणि पाडणारा माणूस मृत्यूशी झुंजत होता. मरणाच्या दारातून सुटल्याबद्दल आभार मानणारे ते स्तोत्र त्याने गंमत म्हणून निवडले नसावे. तरीही एक दोष नोंदवलाच पाहिजे. रचनेच्या उत्तरार्धात इंग्रजी पठण आणि ठेका यांचा जोर इतका वाढतो की, गॅलिक स्तोत्राचे शब्द मागे पडून त्याचा केवळ नाद उरतो. ज्याला गॅलिक येत नाही तो ते जाणणारही नाही, आणि दुःख नेमके तेथेच आहे. आणखी एक गोष्ट काळाने केली: त्या वेळी नवे वाटणारे ठेके आज वीस वर्षांनंतर जुने झाले आहेत. लिझीचा आणि शीलाचा आवाज जुना झालेला नाही.

पुढे व्हायोलिनवादक ग्रेग लॉसन यांनी ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये ‘सेल्टिक कनेक्शन्स’ महोत्सवाच्या उद्‌घाटनाला ती सादर झाली. जुन्या आवाजांच्या जागी हयात गायक उभे राहिले. शीला स्ट्युअर्ट यांचे निधन अवघ्या महिन्यापूर्वी, डिसेंबर २०१४ मध्ये झाले होते. त्या प्रयोगाला आम्ही उपस्थित नव्हतो. ऐकीव मत देणार नाही.

‘सेल्टिक कनेक्शन्स’ हे नाव आलेच आहे, तर त्याविषयी दोन शब्द. ख्रिस्तजयंतीनंतरच्या थंड, मंदीच्या दिवसांत ग्लासगोचे रॉयल कॉन्सर्ट हॉल हे सभागृह रिकामे राहू नये म्हणून १९९४ साली हा महोत्सव सुरू झाला. आज दर जानेवारीत शहरभर सुमारे तीनशे कार्यक्रम होतात आणि श्रोत्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. १९९६ पासून ग्लासगोच्या संगीत अकादमीत, म्हणजे आजच्या रॉयल कॉन्झर्वेटॉयरमध्ये, स्कॉटिश संगीताची पदवी मिळते. २००० पासून प्लॉक्टनच्या सरकारी शाळेत पारंपरिक संगीताचे निवासी केंद्र आहे. पूर्वी शेगडीभोवती शिकले जाणारे संगीत अभ्यासक्रमात बसले. त्याचे फळ कानांना स्पष्ट जाणवते: बोटे विलक्षण तयार, लय पक्की, मंचावरचा वावर आत्मविश्वासाचा. आम्ही ऐकलेल्या नव्या वाद्यमेळ्यांपैकी अनेकांचे कौशल्य थक्क करते, आणि तिसऱ्या रचनेनंतर त्या सर्वांतील फरक सांगता येत नाही. फिडल आणि पाइप एकत्र धावतात, खालून बास आणि ढोल, मग क्षणभर थांबणे, मग श्रोत्यांची आरोळी. शब्द कोठेच नाही. धून शब्दाला मागे टाकून पुढे पळाली आहे, ही आमची या क्षेत्राविषयीची मुख्य तक्रार.

शब्द असला तरी तो कशासाठी आहे, हेही पाहावे लागते. १९९२ साली कॅपरकेली या वाद्यमेळ्याचे एक गॅलिक गीत ब्रिटनच्या पहिल्या चाळीस लोकप्रिय गीतांत पोहोचले. असे प्रथमच घडले. ते श्रमगीत होते: विणलेले ओले लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून बायका फळीभोवती बसून ते आपटीत आणि त्या तालावर गात, जशा आपल्या आज्या जात्यावर ओव्या गात. कॅरन मॅथिसन यांनी ते निर्मळ गायिले आहे. परंतु लाखो घरांत ते गेले ते शब्दांसाठी नव्हे, एका धूसर, गोड वातावरणासाठी. ज्युली फाउलिस या नॉर्थ यूइस्टच्या गायिकेची गोष्ट त्याहून बोलकी. त्यांची गॅलिक गायकी नेमकी आणि शब्दनिष्ठ. ‘कुइली’ (२००७) ऐकताना प्रत्येक अक्षर तळहातावर ठेवल्यासारखे वाटते. पण जगाला त्या ठाऊक झाल्या त्या २०१२ सालच्या ‘ब्रेव्ह’ या व्यंगचित्रपटातील गाण्यांमुळे, आणि ती गाणी इंग्रजीत आहेत. यात त्यांचा दोष नाही.

नव्या पिढीतील एक अपवाद आम्ही आनंदाने नमूद करतो. स्काय बेटावरील ब्रीचे खाइम्बेल ही तरुणी भात्यावर चालणारी छोटी पाइप वाजवते. तिची ‘द रीलिंग’ (२०१९) क्रोमार्टीच्या जुन्या चर्चमध्ये मुद्रित झाली. ती घाई करीत नाही. पाइपचा अखंड स्वर ती तंबोऱ्यासारखा भरून ठेवते आणि धून त्यातून उमलू देते. त्यात साउथ यूइस्टच्या ज्येष्ठ पाइपवादक रोना लाइटफूट यांचा कंठही आहे. त्या पाइपचे बोल तोंडाने म्हणतात, तबलजी हातांआधी तोंडाने बोल म्हणतो तसे. वाद्य मुळात कोणाच्या तरी जिभेवर होते, हे त्या दोघी आठवून देतात.

जीभ म्हटली की भाषा आली. स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या शिक्षण कायद्याने गॅलिकला शाळेत स्थानच ठेवले नाही, आणि घराघरांतून ती ओसरत गेली. २०२२ च्या जनगणनेत गॅलिक बोलू शकणारे ६९,७०१ भरले. २०११ पेक्षा आकडा वाढला, कारण शहरांतील मुले ती शाळेत शिकू लागली. परंतु पश्चिम बेटांवर, जेथे ती चुलीपाशी बोलली जात होती, तेथे बोलणाऱ्यांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. २०२५ साली संसदेने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. महोत्सवाची तिकिटे संपतात आणि बेटावरचे नातवंड आजीला इंग्रजीत उत्तर देते, या दोन गोष्टी एकाच काळात खऱ्या आहेत.

म्हणून मंचापेक्षा आम्हांस बॅरा बेट अधिक महत्त्वाचे वाटते. हे लहानसे कॅथलिक बेट. त्याच्या मुख्य गावातील चर्च सागरतारा मरियेच्या नावाने आहे. शाळेत आपल्या मुलांना आपलेच संगीत शिकवले जात नाही, या काळजीने १९८१ साली तेथील पालक एकत्र आले. पुढाकार घेणाऱ्यांत बेटाचे धर्मगुरूही होते. त्यांनी मुलांसाठी एक संगीतसप्ताह भरवला, त्याचे नाव ‘फेश’. गॅलिक गाणे, फिडल, पाइप, नाच, सारे गॅलिक वातावरणात, ज्येष्ठांच्या मांडीला मांडी लावून. परीक्षा नाही, बक्षीस नाही. ते लोण बेटोबेटी पसरले, १९८८ साली त्यांची मध्यवर्ती संघटना झाली, आणि आज असे चाळीसहून अधिक मेळावे भरतात. ग्लासगोच्या मंचावर आज टाळ्या घेणारे कितीतरी कलावंत मुळात या वर्गांत बसलेली मुले आहेत. सन्डे स्कूलच्या सुटीतील शिबिरासारखी ही साधी रचना. पण विद्यापीठांना न साधलेले तिने साधले, कारण तिने धून आणि शब्द एकाच मुलाच्या हाती दिले.

भटक्या समाजाच्या वाट्याला मात्र असा सप्ताह आला नाही. त्यांचे गाणे विद्वानांनी जपले, बेनेट यांनी ते तरुणांच्या कानी घातले. माणसे मात्र हुसकावलीच जात राहिली. त्यांना बळजबरीने निकृष्ट झोपड्यांत वसवण्याचा सरकारी प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होता. त्याबद्दल स्कॉटलंडचे प्रथम मंत्री जॉन स्विनी यांनी संसदेत जाहीर क्षमा मागितली ती जून २०२५ मध्ये: शीला स्ट्युअर्ट बेलाह्यूस्टनला गायिल्या त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.